शेवाळाचं पाणी

तेलंगणात, नेरडीगोंड्याजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेची बोअर उन्हाळ्यात आटते, मग तळ्याचं पाणी उपसून, यंत्रानं गाळून मुलींना प्यायला देतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये तळं हिरवंगार झालं. नळाची धार बारीक होत गेली आणि पाण्याला वास येऊ लागला.

प्रार्थनेच्या वेळी सातवीची एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेऊन विचारलं, "पाणी पीत नाहीस का गं?"

"बेडकाचा वास येते मॅडम. घोट खाली उतरतच नाही."

चौकशी केली तर सगळ्याच मुली पाणी टाळत होत्या. माझ्या आईला लहानपणी विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कोणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. तिची मुलगी शिक्षिका झाली, आणि तिच्या डोळ्यांदेखत मुली तहानेनं पडाव्यात? मी मनाशी ठरवलं, हे पाणी नीट केल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

आदिलाबादजवळच्या मावल्याहून यंत्राचा मेकॅनिक आला. त्यानं यंत्राचं नळकांडं उघडलं. आत शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा होता. पाणी त्यांच्या भिंतींतून झिरपतं आणि घाण बाहेर राहते. त्या पांढऱ्या नळ्यांवर हिरवा गिळगिळीत थर बसला होता.

"हे आता गेलंच समजा मॅडम. नवीन हैदराबादहून मागवा लागते."

"काऊन गेलं? फाटलं का?"

"फाटलं नाही, बुजलं."

"मंग धुता येईल की."

त्यानं मान हलवली. "आज धुवाल, उद्या पुन्हा बुजंल. तळंच हिरवं हाय ना."

प्रिन्सिपल मॅडमना पिण्याच्या पाण्यासाठी मागवलेल्या टँकरची वाट पाहून वैताग आला होता. एरवी आम्ही तेलुगूत बोलतो, पण चिडल्या की त्या हिंदीवर येतात. "तालाब के पानी में ब्लीचिंग डाल दो, खतम!"

मी म्हटलं, "नको मॅडम." ब्लीचिंगनं शेवाळ मरतं, पण मरताना त्याच्या पेशी फुटतात. काही शेवाळात विष असतं, ते पाण्यात विरघळलं की या नळ्यांतून सरळ पार होतं. शेवाळ जिवंत, अख्खं असतानाच बाजूला काढायला हवं. हे मी त्यांना फळ्यावर चित्र काढून समजावलं. "ठीक है. पर जिम्मेदारी आपकी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी तळ्यावर गेले. पंपाच्या पाइपाचं तोंड अगदी वरच्या, शेवाळाच्या साईत बुडालेलं होतं. शेवाळ उन्हाला वर तरंगतं, आणि आम्ही नेमकं तेच ओढत होतो. मेकॅनिकनं रिकामा ड्रम तरंगता ठेवला आणि पाइप त्याला असा टांगला की तोंड साईच्या बरंच खाली, पण गाळाच्या वर राहील.

मग तुरटी. प्रयोगशाळेत ओळीनं ग्लास मांडले, प्रत्येकात वेगळ्या मापाची तुरटी घातली. दहावीच्या मुली श्वास रोखून बघत होत्या. एका ग्लासात हिरवे पुंजके जमून तळाशी बसले आणि वर नितळ पाणी उरलं. त्याच मापानं जुन्या सिमेंटच्या टाकीत आम्ही पाणी निवळून घेऊ लागलो.

नळ्यांचा जुडगा मेकॅनिकनं सौम्य क्लोरीनच्या पाण्यात भिजवला, धुतला, बसवला. पंप सुरू केला. धार तशीच, बारीक.

"म्या सांगितलंच होतं," तो म्हणाला.

जुडगा काढून पाहिला तर कडेचा थर सुटला होता, मधला मात्र तसाच होता. "सुटून राह्यला ना? मंग पुन्हा भिजवू," मी म्हटलं. या वेळी जुडगा जास्त वेळ ठेवला, आणि स्वच्छ पाणी उलट्या दिशेनं आतून बाहेर सोडलं. हिरवे तुकडे निघत राहिले. निघायचे थांबेपर्यंत आम्ही थांबलो नाही.

पुन्हा पंप लावला तेव्हा धार बोटाएवढी जाड आली. मेकॅनिक हसत सुटला. पहिलं पाणी वाहू दिलं, मग टाकीत क्लोरीनचं माप घातलं. तरी मुलींना लगेच दिलं नाही. वास पूर्ण जाईपर्यंत आणि आदिलाबादहून नमुन्याचा अहवाल येईपर्यंत टँकरवरच भागवलं. तिथं शेवाळाच्या विषाची तपासणी होत नाही हे कळल्यावर मी प्रिन्सिपल मॅडमच्या मागे लागून एक नमुना हैदराबादला पाठवला. दोन्ही अहवाल चांगले आले.

दुसरा अहवाल आला त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत नळावर मुलींची झुंबड उडाली. चक्कर येऊन पडलेली मुलगी दोन ग्लास प्यायली आणि तिसरा मैत्रिणीच्या डोक्यावर ओतला. मी रागावणार होते, पण प्रिन्सिपल मॅडमच हसत उभ्या होत्या.

तळं अजूनही दर उन्हाळ्यात हिरवं होतं. आता आम्ही होळी झाली की पाइप खाली सोडतो.