आमच्या देवीला शिंक चालते

निर्माल्य जसं देवघरातल्या परडीत साठत जातं, टाकवतही नाही आणि ठेवायला जागाही उरत नाही, तसे आमच्या शुक्रवारच्या भजनी मंडळाचे किस्से साठलेत. त्यातले निम्मे पुरुषांसमोर सांगता येत नाहीत, म्हणून तर जास्तच साठलेत! आज आमचे हे बाजाराला गेलेत. तेव्हा बसा जरा.

झालं असं, की गेल्या वर्षी एका मेडिकल कॉलेजची टीम आमच्या बेंबळी गावात आली. हसताना, खोकताना, घागर उचलताना बायकांची लघवी का सुटते, अंग बाहेर का येतं, खेड्यात हा त्रास किती जणींना आहे आणि व्यायामानं तो कमी होतो का, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. "बाया एका जागी कुठं मिळतील?" असं त्यांनी गावच्या आशा कार्यकर्तीला, आमच्या सुमनला विचारलं.

सुमन म्हणाली, "शुक्रवारी देवीच्या देवळात. भजन चुकवत न्हायत त्या. मयत असू दे, न्हायतर मतदान!"

* * *

पहिल्याच मीटिंगला सभामंडपात आम्ही सगळ्या पदर सावरून बसलो. टीमच्या पल्लवी मॅडम फिजिओथेरपिस्ट. पोरसवदा, शहरातल्या, पण बोलायला मऊ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मला सांगा, शिंक आली की तुमचं काय होतं?"

कुणी बोलेना. गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून मीच म्हटलं, "थांबतो."

"थांबता? म्हणजे काय करता?"

"चांगल्या कामाला निघताना शिंक म्हणजे अपशकुन. मग पायरीवर बसतो, घोटभर पाणी पितो, देवीचं नाव घेतो आणि निघतो."

मॅडमनी ते सगळं मन लावून लिहून घेतलं. मग खोडलं. मग जरा पुढं सरकून हळूच म्हणाल्या, "तसं नाही हो वहिनी. शिंक आली की कपडे ओले होतात का कुणाचे?"

सगळ्या जणी समईच्या वातीकडं बघायला लागल्या. आणि मग मागून आमच्या चंपाकाकूंचा आवाज आला. काकूंच्या जिभेला हाड नाही.

"मॅडम, तुमी उलटं इचारा. इथं कोरडं कोण ऱ्हातंय, तिनं हात वर करावा!"

एकही हात वर आला नाही. हसण्याचा मात्र असा स्फोट झाला, की त्या हसण्यानंच दोघी-तिघींना उठून घरी जावं लागलं.

* * *

त्या दिवशी एक बाई हसली नव्हती. रुक्मिणी अक्का. मंडळाचा खरा गळा त्यांचा. पूर्वी अक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभ्या राहून आरतीचा वरचा सूर लावायच्या, तेव्हा बाहेरच्या पिंपळावरचे पक्षीसुद्धा गप्प व्हायचे. पण अलीकडं त्या दाराशीच बसायच्या, खालच्या पट्टीत गुणगुणायच्या. विचारलं की म्हणायच्या, "गुडघं धरल्यात गं."

परत येताना त्यांनी माझा हात धरला. "मंगल, गुडघ्याला काय धाड भरली न्हाय माझ्या. वरचा सूर लावला की खाली सुटतंय बघ. असल्या वल्या अंगानं आईम्होरं कसं हुबं ऱ्हावं? ववळं की ते!"

घरी आले, देवापुढं दिवा लावला आणि बोलून बसले, "आई, अक्का तुझ्यासमोर उभी राहून आरती म्हणेपर्यंत मी चहात साखर घेणार नाही."

आता आमच्या घरी चहाचं पातेलं एकच. दुसऱ्या दिवशी पहिल्याच घोटाला आमच्या ह्यांचं तोंड वाकडं.

"नवस तुझा, मग बिनसाखरेचा चहा मला का गं?"

"पुण्य अर्धं अर्धं," मी म्हटलं.

* * *

मग आम्हाला प्रत्येकीला एक कागद मिळाला. दिवसभरात पाणी किती प्यायलं, लघवीला किती वेळा गेलं, ते मांडायचं. चंपाकाकूंचा कागद कोरा.

"काकू, पाण्याचा एक घोट नाही?" मॅडम घाबरल्याच.

"निर्जळी व्हती."

"बरं, मग दुसऱ्या दिवशी भरा."

दुसरा कागद आला. तोही कोरा. तिसऱ्यावर सुमननंच लिहून आणलं, "निर्जळी." मॅडम माझ्याकडं वळल्या, कारण व्रतांचं मला विचारायचं हे त्यांना एव्हाना कळलं होतं. "वहिनी, या महिन्यात इतके उपवास असतात?"

मी मनातल्या मनात पंचांग उलटंपालटं केलं. काही सापडेना. शेवटी काकूंनाच विचारलं, "काकू, हे व्रत कोणत्या देवाचं?"

"यष्टीचं!" काकू म्हणाल्या. "लेकीकडं जायचं निर्जळी, लग्नाला जायचं निर्जळी, धाराशिवला दवाखान्यात जायचं तरी निर्जळी. हात जोडले तरी तो डायवर मधी थांबत न्हाय. त्यापरीस आपला देव बरा!"

मॅडम हसल्या, पण मग नीट समजावून सांगितलं. पाणी तोडलं की लघवी तीव्र होते, पिशवीला आग होते आणि उलट जास्त वेळा जावंसं वाटतं. मी जरा भीत भीतच विचारलं, "मग आमच्या एकादशीचं काय?"

"तब्येत साथ देत असेल तर देवासाठी धरा वहिनी. एसटीसाठी नका धरू."

पोरगी गुणी आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

* * *

कागदाबरोबर एक प्लॅस्टिकचा जगही दिला होता, रेघा मारलेला. लघवी मोजायला. मी तो पिशवीत गुंडाळून मोरीच्या फळीवर ठेवला. आमच्या ह्यांचं एक आहे, नवी वस्तू घरात आली की त्यांना वास लागतो.

त्या रविवारी शेतात हरभऱ्याच्या कामाला माणसं होती, आणि सुमनही गोळ्या वाटत वाटत जेवायच्या वेळेला आलेली. मी भाकरी थापत होते. पाहते तर हे तोच जग घेऊन पंगतीत ताक वाढत फिरतायत!

"काय झकास माप आहे! कुणाला किती दिलं, डोळ्यांनी दिसतं."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर उताणी पडली. सुमनच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला. तिनं जगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "वैनी... हे आपलंच माप न्हवं?"

"आपलंच," मी म्हटलं. "पण कोरं आहे गं. आईची शपथ, अजून पिशवीतनं काढलंसुद्धा नव्हतं!"

तिनं क्षणभर विचार केला आणि पेला पुढं केला. "मग द्या अजून. दोनशेच्या रेघेपर्यंत."

* * *

व्यायाम शिकवायच्या दिवशी तर विचारू नका. मॅडम म्हणाल्या, लघवी रोखताना आतून जे आवळतो, तेवढंच आवळायचं, मनात पाच मोजायचे, सोडायचं. बाकी अंग ढिलं. आम्ही आवळलं. डोळे आवळले, मुठी आवळल्या, दात आवळले.

"तोंड सोडा काकू, तोंड!"

"नको मॅडम," चंपाकाकू दाताआडून म्हणाल्या, "म्या तोंड सोडलं तर गाव सोडून जाईल!"

सकाळ-दुपार-संध्याकाळ दहा-दहा वेळा करा म्हणाल्या होत्या. मला मोजलेलं राहीना, म्हणून मी जपाची माळ घेतली. एक मणी, एक आवळणं. दुसऱ्या दिवशी बसता येईना की उठता येईना! मॅडमना फोन केला.

"किती वेळा केलंत वहिनी?"

"एक माळ. एकशे आठ."

मग मॅडम म्हणाल्या, "वहिनी, तो स्नायू आहे, देव नाही. जास्त आळवला म्हणून लवकर पावत नाही."

मग आम्हीच युक्ती काढली. शुक्रवारी आरतीचं ध्रुवपद आलं की सगळ्यांनी मिळून आवळायचं. ध्रुवपद आलं की बायांची अख्खी रांग एकदम ताठ! आमचे गुरवमामा घंटा वाजवता वाजवता भारावून जायचे. पारावर जाऊन सांगायचे, "बायांची भक्ती लई वाढलीया. ध्रुपद आलं की अंगात आल्यावानी हुतंय!"

* * *

अक्का मात्र तयार होईनात. "ह्या वयात कसले व्यायाम?" शेवटी मी आणि सुमन त्यांना धरून तपासणीला घेऊन गेलो. मॅडमनी पडद्याआड तपासलं. स्नायू सैल पडलाय, फार नाही, व्यायामानं फरक पडेल. नाहीच पडला तर पुढचे उपायही आहेत, म्हणाल्या. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, एवढंच सांगा. म्या ववळी हाय का?"

मॅडम इतक्या शिकलेल्या, पण ह्याचं उत्तर त्यांच्या पुस्तकात नसावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला सहा लेकरं झाली. ती आईनंच दिली ना? मग लेकरांनी सैल केलेलं अंग तिला ओवळं वाटेल का?"

अक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुझं पटतंय गं. पर मन आयकत न्हाय. एकडाव कोरडी ऱ्हायले, की जाईन तिच्याम्होरं."

त्या दिवसापासून अक्का दाराशी बसूनच, पण ध्रुवपदाला ताठ व्हायला लागल्या.

* * *

तीन महिन्यांनी मॅडम शेवटचे प्रश्न विचारायला येणार होत्या. आम्ही म्हटलं, इतके दिवस नेमानं केलं, मग उद्यापन नको? पुरणपोळ्या केल्या. मॅडमना पाटावर बसवून ओटी भरली. सगळ्या काही बऱ्या झाल्या नव्हत्या. चंपाकाकूंना पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या. पण बऱ्याच जणी आता हसून पळून न जाता जागेवर बसून हसत होत्या, हे काय थोडं?

आरती सुरू झाली. अक्का दाराशी. वरचा सूर लावायची पाळी माझ्यावर आली, आणि माझा गळा म्हणजे कोरड्या रहाटासारखा. मी पहिल्या कडव्यालाच असा काही सूर लावला, की अक्कांना ते सहन होईना. उठल्या, तरातरा पुढं आल्या, मला बाजूला केलं, "सरक गं, आईच्या कानाला तरास हुतोय," म्हणाल्या आणि सूर धरला.

तोच सूर! वर, वर, वर. आणि नेमका त्याच वेळी गुरवमामांनी धुपाटण्यात ऊद टाकला. धूर सरळ अक्कांच्या नाकात.

आऽऽक्छी!

टाळ थांबले. घंटा थांबली. गुरवमामांचा ऊद टाकणारा हात हवेतच राहिला. आम्ही सगळ्या अक्कांकडं बघतोय. अक्का डोळे मिटून, मूठ आवळून, ताठ उभ्या. मॅडमनी तोंडावर हात धरलेला.

अक्कांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"कायबी न्हाय," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "अगं मंगल, कायबी न्हाय!"

काय तो गलका! चंपाकाकूंनी टाळ बडवले, सुमननं अक्कांना मिठी मारली, मॅडमनी डोळे पुसले. गुरवमामा बिचारे भांबावले. "अहो, भर आरतीत शिंक झाली! अपशकुन झाला, आन् हसता काय?"

"मामा," चंपाकाकू म्हणाल्या, "ह्या शिंकंसाठी आमी तीन महिनं झटलोय. हाणा घंटा!"

मामांनी हाणली. अक्का देवीपुढं उभ्या राहिल्या आणि आरती शेवटपर्यंत म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी ह्यांच्या चहात इतकी साखर घातली, की ते म्हणाले, "अर्धं पुण्य एकदम नको गं देऊ!"

* * *

परवाच्या शुक्रवारी गावातला एक जण नवा ट्रॅक्टर घेऊन देवळापुढं आला. हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडायला हात उचलला आणि त्याला स्वतःलाच शिंक आली. गडी पांढराफटक! "आता काय करावं मामा? उद्या येऊ का?"

गुरवमामांनी काही न बोलता घंटा ठणाठणा वाजवली.

"फोड बिनघोर! आपल्या देवीला शिंक लई आवडती."

"आवडती? का?"

"का ते मला ठावं न्हाय," मामा आमच्या रांगेकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्या बायांला इचार."

तो हात जोडून आमच्याकडं वळला. मी पदर तोंडात धरला. चंपाकाकू आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्या. आणि अक्कांनी घसा खाकरून वरचा सूर लावला.