ते आपोआप शिकतं

किसनदादा गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला, तेव्हा मी परभणीतल्या आमच्या संशोधन केंद्रात त्यांच्याच ज्वारीचे फोटो चाळत बसलो होतो. पाच आठवडे झाले. तेव्हापासून कशातच जीव रमत नाही...

दादा केंद्राच्या शेतावर मजूर म्हणून लागले आणि कागदावर शेवटपर्यंत मजूरच राहिले. पण पुढच्या बियाण्यासाठी ज्वारीचं कोणतं ताट राखायचं, हे ठरवताना मोठमोठे साहेब त्यांच्या मागून चालायचे. दादा ओळीतून फिरत, मध्येच थांबत आणि एखाद्या ताटाला लाल दोरा बांधत. का, ते त्यांना सांगता यायचं नाही. "दिसतंय की," एवढंच. मी संगणकवाला, मला ते 'दिसतंय' सोसवेना. तीन हंगाम त्यांच्या मागे फिरून मी दोरा बांधलेल्या आणि न बांधलेल्या ताटांचे फोटो काढले, त्यावरून फोनमध्ये चालणारा एक प्रोग्राम तयार केला; ताटावर फोन धरला की तो 'हो' किंवा 'नाही' सांगायचा. दादांना वाटायचं, मी ऑफिससाठी नोंदी ठेवतोय. मीही तसंच वाटू दिलं.

चाचणीच्या दिवशी दादांनी निवडलेली आणि फोननं निवडलेली ताटं जवळजवळ सारखीच निघाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. दादा बांधावर बसून फोनकडे बघत होते.

"सर, ह्याला कुनी शिकविलं?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलेलं. मी म्हणालो, "ते आपोआप शिकतं, दादा."

त्यानंतर ते दोरा बांधण्याआधी मला हाक मारून फोन धरायला लावू लागले. एका ताटापाशी तर बराच वेळ घुटमळले. "मला हे चांगलं वाटायलंय, पर फोन न्हाई म्हनायलाय," म्हणाले आणि पुढे गेले. ते ताट कडब्यात गेलं. यंत्राला अक्कल असते का, यावर मी पुष्कळ भाषणं ठोकली आहेत. तेव्हा माझी कुठे गेली होती, कोण जाणे. दादांनी आधी जे निवडलं, तेवढंच फोनला ठाऊक होतं. त्या ताटात त्यांना काहीतरी नवं दिसलं होतं... काय, ते आता कधीच कळणार नाही. याची मला लाज वाटते.

परवा सुनंदा त्यांचं सामान न्यायला आली. फोन दादांकडूनच शिकला, हे सगळं मी तिला न राहवून सांगितलं. तिनं फोन मागून घेतला आणि बाभळीच्या सावलीतल्या एका टपोऱ्या कणसावर धरला. फोन नाही म्हणाला.

"बाबा बी सावलीतलं घेत नव्हते. लाडावलेलं असतंय म्हनायचे." ती हसली, मग ओळीतून चालत एकेका ताटावर फोन धरत राहिली. परत येऊन तो माझ्या हातात दिला.

"शेवटी शेवटी बाबा म्हनायचे, मला काईच येत नव्हतं सुनंदा, लोकं उगंच मान द्यायचे."