तिजारेकाकांनी माझ्या सर्टिफिकेटवर सही केली नव्हती

तिजारेकाकांची लाडकी विद्यार्थिनी मी नव्हते. माझ्या खोट्या इंटर्नशिप सर्टिफिकेटवर सही करायला त्यांनी साफ नकार दिला होता.

हे आज लिहावं लागतंय, कारण काल काका गेले आणि सकाळी आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला. खाली मजकूर, ‘आमच्या इंटर्नशिप प्रोग्रामचा आधारस्तंभ हरपला.’

वाचून शिसारी आली. याच लोकांनी काकांकडे विद्यार्थी पाठवणं बंद केलं होतं.

वर एचओडी सरांचा फोन. ‘मॅडम, आप तो उनकी फेवरेट थीं. शोकसभा में दो शब्द बोल दीजिए.’

काका कोर्टातून रीडर, म्हणजे जजसाहेबांच्या फाइली सांभाळणारे कारकून, म्हणून रिटायर झालेले. तात्यापारा मोहल्ल्यातून सायकलने यायचे आणि गरिबांना वकील मिळवून देणाऱ्या केंद्रात फुकट काम करायचे. आत नाही, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. कच्च्या कैद्यांचे आईबाप तिथे येऊन बसतात म्हणून.

क्रिमिनल जस्टिस शिकणारे आम्ही इंटर्न गेल्या गेल्या फाइल मागायचो. काका द्यायचे नाहीत.

‘फाइल नंतर. आधी त्या बाईले इचार, चाय पेली का? मंग तिले काय पाह्यजे ते तिच्याच शब्दात लिही.’

‘काका, हे सिलॅबसमध्ये नाही.’

‘हव, माहीत आहे मले. म्हणूनच तर शिकवून राहिलो.’

इंटर्नशिप पंचेचाळीस दिवसांची. मी नऊ दिवस गेले.

बाकीचा रिपोर्ट सीनियर्सकडून तयार मिळायचा. फक्त नाव आणि तारीख बदलायची. सगळेच करायचे, आणि ते सगळ्यांना माहीतही होतं.

मी न गेलेल्या दिवसांतला एक गुरुवार माझ्यावर सोपवलेला होता.

महासमुंदकडच्या एका बाईच्या मुलाला जामीन मंजूर झाला होता. जामीनदार म्हणून तिचा भाऊ येणार होता, त्याच्या शेतीची ऋणपुस्तिका घेऊन. ते जमीनमालकीचं पुस्तक कोर्टात दाखवल्याशिवाय मुलगा सुटणार नव्हता. त्या दोघांना वकिलापर्यंत न्यायचं, एवढंच माझं काम. काकांचं त्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

‘तू आहेस ना पोट्टी? मंग मले काळजी नाही.’

मी मावसबहिणीच्या लग्नाचे कपडे घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात गेले.

संध्याकाळी रिपोर्ट भरून काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ‘कागदपत्रे जमा. फॉलो-अप पूर्ण.’

तयार वाक्य होतं, खोडायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. वाचून पाठवलं होतं.

काकांनी विश्वास ठेवला.

पुढच्या गुरुवारी ती बाई पुन्हा आली, तेव्हा काकांना खरं काय ते कळलं. आदल्या खेपेला दोघं कोर्ट बंद होईपर्यंत बाकावर बसून होते. ती शिपायाला सारखी विचारत होती, ‘नोनी कब आही?’

पोरगी कधी येईल?

जामीन मिळालेला माणूस आठवडाभर जास्त तुरुंगात राहिला. माझ्या एका ओळीमुळे.

काका ओरडले नाहीत. सहीसाठी ठेवलेलं पंचेचाळीस दिवसांचं सर्टिफिकेट माझ्याकडे परत सरकवलं.

‘नऊ दिवस लिहून आण, आत्ता सही करतो. पंचेचाळीसवर नाही करत.’

‘काका, माझं वर्ष वाया जाईल हो.’

‘अन् त्या पोट्ट्याचा आख्खा हप्ता, सात दिवस, जेलात गेला, तो कोण भरून देते?’

मी रडत याच सरांकडे गेले. सर हसले. ‘अरे, फॉर्मॅलिटी है.’ दहा मिनिटांत दुसऱ्या कुणाची तरी सही मिळाली.

मग तिथेच एक तक्रार टाइप झाली. काका इंटर्नना अभ्यासाबाहेरची कामं सांगतात, मानसिक त्रास देतात. खाली पहिली सही माझी.

त्यानंतर काकांकडे एकही विद्यार्थी गेला नाही.

आणि मी? मी आज त्याच डिपार्टमेंटमध्ये शिकवते. इंटर्नशिप कोऑर्डिनेटर आहे. पोरं न गेलेल्या दिवसांवर मीही सह्या ठोकल्या आहेत. किळस काही फक्त सरांचीच येत नाही.

काल काकांच्या घरी गेले तर काकूंनी ओळखलं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

त्या एवढंच म्हणाल्या, ‘मागच्या गुरुवारी बी गेले होते. एकटेच. आता त्या बाया कोणाले इचारतीन ओ?’

शोकसभेत मी बोलणार नाही. सर, हे वाचत असाल तर तो ‘आधारस्तंभ’ आधी काढून टाका. थोडी तरी लाज वाटू द्या.

येत्या गुरुवारी दहा वाजता मी बाकावर जाऊन बसणार आहे. विद्यार्थ्यांपैकी ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. सर्टिफिकेट मिळणार नाही.

काका, माफी तुमची नाही, त्या बाईची मागायची आहे. आणि मी तिचं नावसुद्धा लिहून घेतलं नव्हतं.

शेवटचा नमस्कार.