पायाखालची ठिणगी

सामान राखण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या भंडाऱ्यात सापडली नसती. वैनगंगेच्या घाटावर बाकीच्या पाण्यात उतरायच्या, मी काठावर त्यांच्या चपलांपाशी. जत्रेत त्या पाळण्यात, मी खाली पिशव्यांत. ऑफिसची सहल तलावावर गेली, नावेत एक जागा कमी पडली आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडेच पाहिलं. मी हसून "जा, जा" म्हणाले. आतून मात्र असा संताप आला होता की एकीच्या डब्यातल्या चकल्या मी बसल्या बसल्या संपवून टाकल्या. कोणी खाल्ल्या म्हणून विचारलं तर माकडाचं नाव सांगितलं.

माझी नोकरी संपल्यावर आम्ही सहा जणी दर रविवारी चालायला लागलो. सगळ्या एकाच ऑफिसातल्या. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या अर्ध्या खुर्च्या तिकडे गेल्या आणि मागाहून एक नवी पोरगी रुजू झाली. तिला फाईल कशी बांधायची ते मीच शिकवलं होतं. ती आता आमची पुढारीण. तिची नोकरी अजून बाकी होती, पण चालण्यात आणि हुकूम सोडण्यात ती सगळ्यांच्या पुढे.

एका रविवारी आगपेटी माझ्याकडे होती आणि मी ती ओल्या टॉवेलासोबत पिशवीत कोंबली. चहाच्या वेळी एक काडी पेटेल तर शपथ. बिनचहाच्या बायांचा राग काय असतो ते ज्याने पाहिलं नाही तो सुखी माणूस. त्याच आठवड्यात पुढारणीने मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ पाहिले आणि फर्मान काढलं. प्रत्येकीने संकटात कामी येईल अशी एक छोटी डबी बाळगायची. आत शिट्टी, दोरी, ब्लेड आणि ठिणगी पाडून जाळ करणारं एखादं यंत्र. आगपेटी बंद. एकोडीच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, परीक्षा व्हायची होती. दहा वेळा घासायच्या आत जाळ झाला तर ती बाई शेजारची टेकडी चढणार, नाही झाला तर खाली सामान राखणार.

सामान म्हणताना तिची नजर माझ्या उजव्या मनगटावर गेली. दोन वर्षांपूर्वी एसटीच्या पायरीवरून पडून मी ते मोडून घेतलं होतं. हाड जुळलं, चिमटीतला जोर काही परत आला नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकणही मी नवऱ्याकडून उघडून घेते. त्या नजरेने माझं डोकंच फिरलं. ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ह्या खेपेला पिशव्यांत बसणार नाही.

भाच्याच्या मोबाईलवरून मी तीन यंत्रं मागवली. पहिली करंगळीएवढी काळी कांडी, सोबत पोलादाची चपटी पट्टी. पट्टीने कांडी घासली की ठिणग्यांचा नुसता सडा. पण एका हाताने कांडी घट्ट धरा, दुसऱ्याने जोरात घासा, हे माझ्यासारखीने करायचं कसं? दुसरं, चाक लावलेली बोटभर नळी. तिच्या ठिणग्या मोहरीएवढ्या, आणि चाक फिरवता फिरवता अंगठ्याचं साल निघालं. तिसरी राखाडी वडी. ती आधी खरवडायची, भुसा जमवायचा, मग त्यावर ठिणगी पाडायची. भुसा जमला, तेवढ्यात पंख्याचं वारं लागलं आणि सगळा नवऱ्याच्या वरणात गेला. त्यांनी वाटी बाजूला सरकवली. मग शेगडीचा लायटर आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, हाच ने.

ठिणगी धरायला काय ठेवावं, हाही प्रश्नच होता. शेजारणीने फाटक्या रेशीमकोशांचा पुंजका दिला. कापसाहून मऊ, फुंकरीने उडेल इतका हलका. मला वाटलं, जग जिंकलं. पण रेशीम कुठलं पेटायला! ठिणगी पडली तिथे ते आक्रसलं आणि केस जळल्यासारखा वास घरभर पसरला. नवरा आतून धावत आला तो थेट माझी वेणी तपासायला.

"काय करून राहिली वं? घर जाळून राहिली का?"

मी इतकी हसले की खाली बसले. शेवटी साधा कापूसच घेतला. पौर्णिमेच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून त्यात बुडवला, गोळ्या केल्या. चिमटून विसविशीत केली की गोळी छान धरायची आणि बराच वेळ जळायची. ठिणग्यांत काळी कांडीच सरस, हेही उघड होतं. आता फक्त तिसरा हात कुठून आणायचा ते ठरायचं होतं.

तो मला वांगी चिरताना सापडला. आमच्याकडे विळीला पावशी म्हणतात. मी पाटावर पाय दाबून बसले होते, पातं जागच्या जागी, वांगं तेवढं पुढे जात होतं. आणि माझा उजवा हात मांडीवर आरामात पडलेला! मी वांगं तसंच टाकून उठले. अंगणातल्या फरशीच्या कडेवर पोलादी पट्टी ठेवली, धार थोडी बाहेर काढली, वरून टाच दाबली. खाली कापूस. डाव्या हाताने कांडी त्या धारेला टेकवली आणि सर्रकन मागे ओढली. दुसऱ्याच ओढीला भडका. माय माय! मी अंगणभर एका चपलेने नाचले. नवऱ्याने विचारलं भाजीचं काय, तर म्हटलं आज वांग्याला सुट्टी.

आठवडाभर मी कोणाला काही सांगितलं नाही. बस स्टँडवर उभ्या उभ्या आठवायचं आणि हसू फुटायचं. शेजारची बाई सरकून उभी राहायची.

परीक्षेच्या सकाळी एकोडीला धानाची कापणी आटोपलेली होती, पाळीवर दव होतं. चौघी एकेक करून पास झाल्या. कोणी तिसऱ्यांदा घासताच, कोणी नवव्या खेपेला, कुंथत. माझी पाळी आली. मी सपाट दगड शोधला, चप्पल काढली आणि ऐटीत पट्टीवर टाच ठेवली. पुढारीण म्हणाली, ताई, हे कुठल्या व्हिडिओत नाही. म्हटलं, नसेल. तिसऱ्या ओढीला जाळ झाला. चौघींनी टाळ्या पिटल्या, मी कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहून घेतलं.

शेवटी पुढारीण बसली. तिचं यंत्र सगळ्यांत महागाचं. पण ती पट्टी पुढे ढकलायची, आणि दर खेपेला पट्टीचा धक्का लागून कापूस दवात जाऊन पडायचा. आठ, नऊ, दहा. नियम तिचाच होता. ती उठली, सहा पिशव्या एका जागी गोळा केल्या आणि त्यांच्यापाशी बसली.

खरं सांगते, मला आनंद झाला. आनंदच झाला. माझा जाळ विझवून मी टेकडीकडे निघाले ती पोरीसारखी उड्या मारत. वीसेक पावलांवर तिची मजा बघायला म्हणून मागे वळले. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, एक हात पिशवीच्या बंदात अडकवलेला, आणि आमच्याकडे बघून हसत "जा, जा" म्हणत होती. अगदी मी बसायची तशी, तसंच हसू.

मी परत खाली आले. तिच्यासमोर दगड ठेवला.

"चप्पल काढ. ठेव पाय. पट्टी हलू द्यायची नाही, कांडी ओढायची."

पहिल्या ओढीला ठिणग्या पडल्या, चौथ्या ओढीला कापूस पेटला. ती आधी जाळाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी जाळावर तलावाचं पाणी टाकलं.

"पण ताई, मंग सामान कोण राखन?"

मी माझी पिशवी उचलून खांद्याला लावली आणि तिची तिच्या हातात दिली. वरच्या चौघींनाही हाक मारली, या आणि आपापलं घेऊन जा. त्या कुरकुरल्या, पण आल्या. त्या दिवशी टेकडीवर सहा बाया पोचल्या आणि खाली कोणीच नव्हतं.