मंगळावरची टेकाडं

मालेगावच्या बसस्टँडजवळ मी चहाचा कप तोंडाला लावला होता, तेवढ्यात उत्तमच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले... सकाळी झोपेतच." चहा तसाच राहिला. आता महिना होत आला, तरी कुणाशी वाद झाला की वाटतं, हे उत्तमला सांगितलं पाहिजे. आमच्या गावच्या, जऊळक्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि तो नागपूरला शिकून एका संशोधन संस्थेत मंगळावरचे खड्डे मोजायला लागला. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, त्याचं कामच ते होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. अमेरिकेच्या यानानं मंगळाभोवती फिरून फोटो पाठवले होते. उल्का आदळून झालेले त्यातले खड्डे एकेक करून ओळखायचे, मापायचे आणि यादीत घालायचे. जिथं खड्डे जास्त, ती जमीन जुनी, असा हिशेब. उत्तमच्या मायनं हे सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आपल्या गावचा रस्ता तं मंगळाच्याई आंधीचा निंघन." वडील रेल्वेत गँगमन. "पोरगं इतकं शिकलं न् लोकायच्या गावचे खड्डे मोजून राह्यलं," असं ते स्टेशनात भेटेल त्याला सांगत, पण सांगताना मिशीत हसत.

एका उन्हाळ्यात मात्र उत्तम घरी आला तो तोंड पाडून. खड्डा ओळखणं शेवटी नजरेचं काम, एकट्याची मोजणी धरता येणार नाही, असं त्याच्या सरांनी बजावलं होतं. तेच फोटो दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे मोजायचे. दोन्ही मोजण्या जुळल्या तर काम पुढे, नाहीतर विषय बंद. विषय बंद म्हणजे उत्तमनं गाशा गुंडाळून घरी यायचं. वडिलांनी रेल्वेत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवलेलाच होता. "दुसरा मानूस म्हून तुह्यं नाव देऊन आलो," उत्तम म्हणाला. मी म्हटलं, "लेका, मले काय समजते त्यातलं?" तर म्हणाला, "तू माह्या मनासारखं कधी बोलला काय? म्हून तूच पाह्यजे." हे मात्र खरं होतं.

अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकली. आधी शेजारी बसवून त्यानं मला एका फोटोवर शिकवलं. खोलगट आणि काठ उचललेला असेल तो खड्डा, त्याभोवती गोल काढायचा. टेकाड दिसलं तर सोडून द्यायचं. मग फळीवर टाचण्यांनी फोटो बसवला, फळी बाजेच्या मधोमध ठेवली आणि लहानपणी चिंचोके खेळायला बसायचो तसे आम्ही समोरासमोर बसलो. फळी हलवायची नाही, ही सक्त ताकीद. आधी त्याचा ट्रेसिंग पेपर, मग माझा, आणि एकमेकांच्या कागदाकडे बघायचं नाही. सगळे फोटो संपल्यावर कागद शेजारी ठेवले. त्याचे गोलांनी भरलेले, माझे जवळजवळ कोरे.

मायनं वाढलेलं ताट तसंच पडून राहिलं. उत्तम म्हणाला, "बबन, तुले एवढाले खड्डे दिसले नाई?"

"मले टेकाडं दिसली. टेकाडं सोडून दे, असं तूच म्हनला."

"टेकाडं कुठी हायेत बे?"

"कुठी नाईत?"

आमचा आवाज स्टेशनापर्यंत गेला असेल. मी हट्टी आहे, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून मी पुन्हा फोटोवर वाकून खड्डे शोधायला लागलो. त्याचं पुढचं सारं माझ्या नजरेवर येऊन अडलं होतं, आणि खोटे गोल काढून दिलेले त्याला चालले नसते... इतक्यात ऊन माझ्या अंगावर आलं. माय ओसरीवरून म्हणाली, "उनात काहून बसला रे? सरक तिकडं सावलीत." मी उठून उत्तमच्या शेजारी जाऊन बसलो आणि सहज फळीकडे पाहिलं. सगळी टेकाडं आत गेली होती. खड्डेच खड्डे.

"उत्तम, टेकाडं बुडाली."

तो माझ्या आधीच्या जागेवर गेला, वाकला, परत आला, पुन्हा गेला. पोराला ऊन लागलं असं समजून वडील कांदा आणायला धावले. उजेड वरून पडतो असं आपली नजर धरूनच चालते. फोटो उलटा पाहिला की सावल्या फसवतात आणि खड्ड्याचं टेकाड होतं. संस्थेत सगळे टेबलाच्या एकाच बाजूला बसत. बाजेवर समोरासमोर बसून मंगळ मोजणारे बहाद्दर आम्हीच. मग पुन्हा पहिल्यापासून, एकाच बाजूनं, पाळीपाळीनं मोजलं. या वेळी कागद जुळले. सरांनी काम पुढे चालू ठेवलं आणि उत्तमनं त्यातच आयुष्य काढलं.

तेव्हापासून त्याला एक सवय लागली. वाद निघाला की उठून समोरच्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "थांब, तुह्या इकडून पाहू दे." निवृत्त होऊन तो गावी आल्यावर त्याच लिंबाखाली आमची रोजची भांडणं सुरू झाली, तेव्हाही तो हमखास उठून माझ्याकडे यायचा. बरं, पटायचं असं नाही. नीट बसून, नीट बघून वर म्हणायचा, "इकडूनई तू चूकच दिसतो."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. सवयीनं मी लिंबाखालच्या बाजेच्या माझ्या कडेवर बसलो होतो. वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज इकडून बसा." मी उठून उत्तमच्या जागेवर बसलो. समोर माझी जागा रिकामी होती. हात लांबवला तर पोचेल, इतकी जवळ. इतकी वर्षं तो मला इथून पाहत होता.