वेबसाइटवर कळलेलं घर

दर जानेवारीत, दिल्ली धुक्यात बुडालेली असताना, आम्हा केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांना आपल्या घर-जमिनीचं विवरणपत्र भरावं लागतं. ते मग वेबसाइटवर लागतं. कोणीही उघडून वाचावं. माझं वाचणारा जगात एकच माणूस होता, नाशिकचा माझा दादा. वर्षानुवर्षं त्यात एकच शब्द असायचा, 'निरंक'. दादा ते मोबाइलवर उघडून लोकांना दाखवायचा. "एवढी मोठी अधिकारी, पण एक खोली नाही नावावर!" त्याला अभिमान होता. मला मात्र आपलं एकटेपण कोणीतरी चव्हाट्यावर मांडतंय असं वाटायचं. लग्न केलं नाही, घर केलं नाही, पन्नाशी आली. पण त्याला कधी बोलले नाही.

ऑफिसात मात्र मी या उघडपणाच्या बाजूने तावातावाने भांडायचे. फरीदाबादहून येणारा सहकारी कुरकुरायचा, "मॅडम, मेरा साला भी यही पढ़ता है." मी म्हणायचे, "तो छुपाना क्या है?" मोठी शहाणी!

मग एकदा दादा-वहिनी लग्नाला परगावी गेलेले असताना आईने मला बोलावून घेतलं आणि राहता फ्लॅट बक्षीसपत्र करून मला दिला. त्याच फ्लॅटमध्ये ते दोघं तिला सांभाळत होते. "त्याला बायको-मुलं आहेत. तुला कोण आहे?" आई म्हणाली. "त्याला मी सांगेन सवडीने. तू बोलू नकोस." मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मला ते घर हवं होतं.

जानेवारी आला. आईला विचारलं, सांगितलंस का? "बघू गं." 'कोणाकडून व कसे मिळाले' या रकान्यात मी लिहिलं, आईकडून, बक्षीस. नियम चुकीचा आहे असं मला आजही वाटत नाही. खोटं लिहिता येत नव्हतं, पण दादाला फोन तर करता येत होता. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचे आणि उद्या करू म्हणून ठेवून द्यायचे.

शेवटी त्याचाच आला. "आईचं होतं, तिने दिलं. त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण मी ते चार लोकांसमोर उघडलं गं."

मी रडत म्हटलं, "दादा, परत तुझ्या नावावर करते."

"नको. तेही तिथे छापून येईल."

दोन महिन्यांत त्यांनी भाड्याने घर घेतलं. आई त्यांच्याबरोबर गेली. फ्लॅटची किल्ली मला दिल्लीला कुरिअरने आली. त्या दिवाळीला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, 'कधी येतेस?' असं मला कोणी विचारलं नाही.