खुशालरावांची चुन्याची रेघ

तलावाकाठी मुक्कामाला जायचं ठरवणारी माणसं आधी फोटो पाहतात. झाडं किती, बोट आहे का, तंबू कसे आहेत. खुशालराव फोटोकडं ढुंकूनही पाहत नाहीत. ते एवढंच विचारतात, "पानी कवा उतरलं?" समोरच्याला ते कधीच ठाऊक नसतं. मग खुशालराव कोपऱ्यातली तुतारी उचलतात आणि निघतात. तुतारी म्हणजे बैल हाकायची, टोकाला खिळा असलेली काठी. बैल विकून सात वर्षं झाली, तुतारी मात्र त्यांच्या हातची सुटली नाही.

मी नांदगाव खंडेश्वरच्या एका शाळेत शिकवते, रोज अमरावतीहून एसटीनं जाऊन-येऊन. दर जानेवारीत आठवीच्या मुलांचं एका रात्रीचं शिबिर असतं आणि जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडतं. गेल्या वर्षी तीन जागा समोर होत्या. एक अकोल्याच्या वाटेवरचं तलावाकाठचं उद्यान. तिथं बोटी, झोके आणि सेल्फी काढायला माणसाएवढं लाल बदाम. दुसरं तेल्हाऱ्याच्या पलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं धरण. तिसरा आमच्याच तालुक्यातला लहानसा सिंचन तलाव, शेजारी कडुनिंबांची बाग आणि एक हातपंप. फोटोत तो अगदी बापुडवाणा दिसायचा.

मुख्याध्यापक गोवर्धन सरांचा जीव बोटींवर जडला होता. "मॅडम, पोरांले आवडलं पायजे," ते म्हणाले.

"पोरं धड परत आली तर आवडेल ना," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं कुणी मनावर घेत नाही.

मी खुशालरावांकडं गेले. त्यांची नात आकांक्षा माझ्याच वर्गात होती. पासष्टीचा माणूस, चार एकर काळी जमीन, त्यात तूर आणि सोयाबीन. नऊ वर्षांपासून त्यांनी हे एक काम अंगावर घेतलेलं. अमरावतीची कॉलेजची पोरं असोत की अकोल्याच्या जठारपेठेतलं एखादं कुटुंब, कुणीही फोन केला की ते आदल्या दिवशी त्या तलावावर जाऊन काठ पाहतात आणि पाण्यापर्यंतच्या पक्क्या वाटेवर चुन्याची रेघ मारून येतात. कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत, भाकर घरून नेतात.

दोन रविवारांत आम्ही तिन्ही तलाव पाहिले. बोटीवाल्या उद्यानात ते लाल बदामाच्या मागं गेले आणि पाण्याकडं दहा पावलं चालून थांबले. तुतारी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली. "हे बेशरम पाहा कशी माजली," ते काठावरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांकडं बोट करून म्हणाले. "गाळाबिगर इतकी माजत नाही. अन् हरभऱ्याले पानी सोडून राहिले. काठ रोज सरकते. आज जिथं पानी हाय, तिथं उद्या पोरं खेळतीन." सातपुड्याखालच्या धरणाचा काठ खडकाचा, पक्का. पण दोन पावलांवर खोल डोह, मोबाईलला रेंज नाही, आणि दवाखाना गाठायचा तर तासभर. तिथंही त्यांनी मान हलवली. तिसऱ्या तलावावर ते बराच वेळ नुसते बसून राहिले. एका बाजूनं शेळ्या पाण्यावर उतरत होत्या. "शेळीले चिखलाचा लय कंटाळा," ते म्हणाले. "ते जिकून उतरते, तिकडं मुरूम असते." त्यांनी तिथं तुतारी मारली. खिळा खट् करून वाजला. तिथंच आमचं शिबिर ठरलं.

त्यांना हे सगळं कशापायी कळतं, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

काळ्या जमिनीत जन्म काढलेल्या माणसाला भेग म्हणजे कोरडं. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यावरून भरली गाडी नेली तरी जमीन दबत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, ते त्याच्या पायालाच माहीत असतं. पण पाणी उतरलेल्या तलावाच्या गाळालाही तशाच भेगा पडतात. ती दुधावरची साय असते, खाली सगळा चिखल. नऊ वर्षांपूर्वी, चैत्रात, खुशालरावांच्या घरच्यांनी एका तलावाकाठी रोडग्यांचा बेत केला होता. ते गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे उलटत बसले होते. लेक प्रणाली, आकांक्षाची आई, कणकेची परात धुवायला पाण्याकडं निघाली. तिनं विचारलं, "बाबा, इकून जाऊ?" त्यांनी मान वर करून भेगा पाहिल्या आणि म्हणाले, "जाय. पक्कं हाय." पंधराव्या पावलाला वरचा थर फुटला. तिला ओढायला धावलेले दोघं जणही मांडीपर्यंत रुतले. दोर येईस्तोवर उशीर झाला होता. आकांक्षा तेव्हा चार वर्षांची होती. पुढं तिच्या वडिलांनी नागपूरला दुसरं घर केलं आणि ती आजी-आजोबांजवळच राहिली.

माणूस म्हणून खुशालराव मला फार मोठे वाटतात. आपली चूक अशी रोज तुतारीच्या टोकावर घेऊन फिरणं मला जमलं नसतं.

शिबिराला चार दिवस उरले, सगळ्या पालकांच्या सह्या आल्या, आकांक्षाची आली नाही. पोरगी वर्गात मान खाली घालून बसायची. मी तणतणत त्यांच्या घरी गेले. तिची आजी मनकर्णाबाई तूर पाखडत होत्या. सहीचा कागद त्यांच्या मांडीखाली दाबलेला होता. खुशालराव दाराशी बसले होते.

"जागा कोनं पाह्यली?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"यांनीच पाहिली. पक्की आहे म्हणाले."

सुपातली तूर तशीच राहिली. "तवाबी पक्कीच म्हनलं होतं," त्या म्हणाल्या.

शेजारच्या गोदाबाईंनी मला नंतर सांगितलं की नऊ वर्षांत त्या हे पहिल्यांदा बोलल्या. खुशालराव उठून गोठ्यात गेले. तिथं आता जनावर नाही. मला मनकर्णाबाईंचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. आकांक्षा चुलीपाशी उभी होती. तिनं हट्ट केला नाही, रडली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी निघाले तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "रेघ माराले कवा जाऊन राहिले ते?"

"शुक्रवारी."

"मीबी येतो."

तलाव त्यांच्या शेताच्या पलीकडंच आहे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं पायी निघालो. खुशालरावांच्या खांद्यावर चुन्याची पिशवी होती. वाटेत एक ओला नाला लागतो. खुशालरावांनी तुतारीनं चाचपून पाहिलं आणि मला म्हणाले, "इकून या मॅडम." मी गेले. मनकर्णाबाई मात्र पन्नास पावलं वर चालत गेल्या आणि शेताच्या बांधावरून पलीकडं उतरल्या. खुशालराव खाली पाहत त्यांची वाट पाहत उभे राहिले. दोघांच्या हे अंगवळणी पडलेलं दिसत होतं. त्या त्यांना वेळेवर भाकर वाढत, त्यांच्या तापात उशाशी बसत. पण ते म्हणतील त्या जमिनीवर पाय ठेवत नसत.

तलावावर त्यांनी कडुनिंबापासून पाण्यापर्यंत रेघ मारायला घेतली. पाऊल, तुतारी, चिमूटभर चुना. पुन्हा पाऊल. जिथं केसाएवढी भेग दिसली, तिथून रेघ वळवली. तासभर लागला. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. ते बायकोकडं न पाहता म्हणाले, "झालं."

मनकर्णाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि रेघेच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. खुशालराव लगबगीनं पुढं व्हायला लागले.

"तुमी नोका येऊ पुढं," त्या म्हणाल्या. "तिथूनच सांगा." मग त्यांनी विचारलं, "इकून जाऊ?"

ते लेकीचेच शब्द होते. मी मध्ये काहीतरी बोलणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. तुतारी दोन्ही हातांनी धरून खुशालरावांनी तिच्यावर सगळा भार टाकला.

"जाय," ते म्हणाले. "पक्कं हाय."

त्या चालायला लागल्या. सावकाश, पूर्ण पाऊल टेकवत. खुशालराव तोंडातल्या तोंडात मोजत होते. पंधरा झाले आणि ते मटकन खाली बसले. मनकर्णाबाई पुढं जातच राहिल्या. पाण्याशी पोचल्या, वाकल्या, ओंजळीनं डोळ्यांना पाणी लावलं. त्या किती वेळ तशा उभ्या होत्या ते मला सांगता येणार नाही. माझेही डोळे भरून आले होते.

परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतला आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. "पोरीले गरम कपडे देतो," एवढंच बोलल्या.

परतीच्या वाटेवर पुन्हा तो नाला आला. इथं चुन्याची रेघ नव्हती. खुशालराव चाचपत पलीकडं गेले आणि सवयीनं मान खाली घालून, त्या बांधावरून येईपर्यंत थांबायचं म्हणून उभे राहिले.

मनकर्णाबाई बांधाकडं वळल्या नाहीत. जिथं खुशालरावांचं पाऊल उमटलं होतं, तिथंच पाऊल ठेवत त्या आल्या आणि म्हणाल्या, "चाला, पोरगी वाट पाहून राहिली."